रिमोट न दिसणारे पॉलिमर आणि दिसणारे पॉलिमर

पुण्यात पाषाणला आमच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय प्रकाशवेधकांवर (कार्बनी पदार्थांपासून बनवलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या साधनांवर) काम करायला आलेला विद्यार्थी बहुधा पी-थ्री-एच-टी या पॉलिमरपासून (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थापासून) सुरुवात करतो. क्लोरोबेन्झिनमधले त्याचे केशरी द्रावण काचेवर पसरून वाळले की थर जांभळट होतो, कारण साखळ्या सपाट होऊन एकमेकींवर रचल्या जातात. दोष एकच, पण मोठा: ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉनला भरलेल्या पातळीवरून रिकाम्या पातळीवर नेण्यास लागणारी किमान ऊर्जा) सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने शोषण ६५० नॅनोमीटरच्या आसपास संपते आणि टीव्हीच्या रिमोटचा ९४० नॅनोमीटरचा किरण त्याला दिसतच नाही.

ही उणीव दाता-ग्राही पॉलिमर भरून काढतात. त्यांत इलेक्ट्रॉन देणारे आणि ओढणारे घटक एकाच साखळीत आलटून-पालटून गुंफलेले असतात. वरची भरलेली पातळी मुख्यतः दाता ठरवतो, खालची रिकामी पातळी ग्राही, आणि दोघांची निवड बदलून अंतर हवे तसे कमी करता येते. सांता बार्बरा येथील संशोधकांनी २००९ मध्ये अशाच पॉलिमरपासून ३०० ते १४५० नॅनोमीटरपर्यंत प्रतिसाद देणारा वेधक दाखवला.

मात्र अंतर जितके अरुंद, तितके खोलीच्या उष्णतेनेच भारवाहक (विद्युतप्रवाह वाहून नेणारे कण) निर्माण होणे सोपे. त्यामुळे अंधारातही प्रवाह वाहतो, त्याचा गोंगाट क्षीण संकेत गिळतो आणि प्रतिसादाचा पट्टा रुंद होऊनही संवेदनशीलता घटू शकते. त्यासाठी विद्युतअग्रांलगत (इलेक्ट्रोडलगत) नको असलेले भारवाहक अडवणारे रोधक थर घालावे लागतात. नवखे नेमके तेच विसरतात.

केवळ दृश्य प्रकाश मोजायचा असेल तर मी पी-थ्री-एच-टीच घेईन. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला मात्र ६६० आणि ९४० असे दोन्ही किरण लागतात, तिथे दाता-ग्राही पॉलिमरला पर्याय नाही.