रोवनचं मासिक: नमुने झकास, पण पाकीट जरा जपून उघडा

आधी एक गोष्ट सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. रोवनचं विणकाम मासिक लोकर विकणारी कंपनीच काढते. 1978 साली यॉर्कशरमधल्या होमफर्थला सुरू झालेली ही कंपनी, धंदा लोकरीचा, आणि ऐंशीच्या दशकापासून त्यांचं हे मासिक वर्षातून दोनदा येतं, एक उन्हाळी अंक आणि एक हिवाळी. त्यामुळे आतल्या प्रत्येक स्वेटरखाली त्यांच्याच लोकरीचं नाव असतं, आणि तुम्ही मासिक हातात घेता तेव्हा खरं तर दुकानातच शिरलेल्या असता, फक्त तिथे काउंटर दिसत नाही. यात फसवाफसवी काही नाही, सगळं उघड आहे. पण माहीत असलेलं बरं, कारण मासिकाची किंमत म्हणजे नुसतं प्रवेशाचं तिकीट, खरा खर्च पुढे आहे.

मी इंग्लंडात राहते, विणकाम आईकडून पुण्यात शिकले, दोन सुयांवरचं, सुलट-उलट, बॉर्डर, मुंढा, गळा, सगळं तिच्या पद्धतीने. तिच्याकडे मासिकातली कात्रणं चिकटवलेली एक वही आहे आणि त्यातले नमुने म्हणजे ‘लोकर 400 ग्रॅम, सुया 10 आणि 12 नंबर’ एवढंच, मापाला एक छाती 36 दिली की झालं, बाकी तुमचं तुम्ही बघा! त्या सवयीनंतर रोवनचा अंक उघडला की डोळे दिपतात. पुढचा निम्मा भाग नुसते फोटो, मागच्या निम्म्या भागात सगळे नमुने ओळ न् ओळ लिहिलेले, लहान मापापासून मोठ्यापर्यंत आकडे कंसात ओळीने दिलेले, शेवटी विणून झाल्यावर छाती किती भरेल, लांबी किती, बाही किती याची रेघांची आकृती. ती आकृती मला सगळ्यात जास्त आवडते. फोटोतली मुलगी उंच, सडपातळ, वाऱ्यात उभी, तिच्या अंगावर सगळंच छान दिसतं, पण आकृती खोटं बोलत नाही. एकंदरीतच ब्रिटिश विणकाम मासिकांचं हे एक आहे, धुकं, दगडी भिंत, मेंढ्या, आणि स्वेटर मात्र हाताची घडी घालून झाकलेला. म्हणून फोटो बघून भाळायचं नाही, आधी मागची आकृती बघायची, मग ठरवायचं.

आता लोकरीच्या मोहाचं. या कंपनीची फेल्टेड ट्वीड म्हणून एक लोकर आहे, निम्मी मेंढीची लोकर, पाव अल्पाका (उंटाच्या जातीतल्या एका प्राण्याची मऊ लोकर), पाव व्हिस्कोस (कृत्रिम रेशमासारखा धागा), आणि त्यात मधेमधे वेगळ्या रंगाचे ठिपके. 50 ग्रॅमच्या गुंड्यात 175 मीटर. रंग इतके सुंदर की दुकानात त्या कप्प्यासमोर उभं राहिलं की पाय निघत नाही. एका साध्या लेडीज स्वेटरला धरा नऊ गुंडे, एक गुंडा दहा पौंडांच्या आसपास, म्हणजे नव्वद पौंड, आपले दहा हजारांच्या आसपास रुपये झाले की हो, आणि हात तुमचेच, मजुरी शून्य! दुसरी किडसिल्क हेझ, 70 टक्के मोहेर (अंगोरा शेळीचे केस) आणि 30 टक्के रेशीम, कोळ्याच्या जाळ्यासारखी, 25 ग्रॅममध्ये 210 मीटर. गुंडा हातात घेतला तर वजनच लागत नाही, म्हणून एक उचलला जातो, मग दुसरा. (ही उसवायला महाकठीण हं, केस एकमेकांत अडकतात. विणकाम पिशवीत घालून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवलं तर जरा सुटतं, असं इथल्या बायका करतात आणि ते चालतं.)

मोह होतो कारण मासिक तुम्हाला स्वेटर दाखवतं आणि तुम्ही मनात लोकर विकत घेता. आपल्याकडे साठा कितीही असो, कपाटात आहे ती नुसती लोकर आणि फोटोत आहे तो स्वेटर, असं डोक्यात बसतं. यावर माझा एकच उपाय आहे, नमुन्यात ग्रॅम बघायचे नाहीत, मीटर बघायचे. नऊ गुंडे गुणिले 175 म्हणजे 1575 मीटर. आता तुमच्या कपाटातल्या 100 ग्रॅमच्या गुंड्यात 200 मीटर असेल तर आठ गुंडे पुरतात, विषय संपला. मात्र जाडी जुळायला हवी. फेल्टेड ट्वीडला 4 मिमीच्या आसपासच्या सुईवर 10 सेंटिमीटरला 22 ते 24 टाके बसतात, तर आपल्या लोकरीचा छोटा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग टाके मोजायचे. न धुता मोजलंत तर काही उपयोग नाही.

ग्रॅमवर गेलात तर काय होतं ते पण सांगते. याच कंपनीची हँडनिट कॉटन आहे, तिच्या 50 ग्रॅममध्ये फक्त 85 मीटर. म्हणजे ट्वीडला 450 ग्रॅम लागतात म्हणून कुणी 450 ग्रॅम सुती दोरा आणला तर हातात 765 मीटर येणार, पाठ आणि थोडा पुढचा भाग झाला की गुंडे संपले, आणि मग त्याच डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या घाण्यातला, रंग शोधत फिरा. सूत जड असतं, लोकर फुलते, हा फरक जुन्या ग्रॅमवाल्या नमुन्यांत कुणी सांगायचंच नाही.

सुयांचं पण सांगायला हवं, कारण भारतातून कुणी हे मासिक घेतलं तर पहिली अडचण तीच येते. इथे सगळं मिलिमीटरमध्ये. आपल्याकडे आईच्या डब्यातल्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरच्या, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकन मासिक असेल तर बरोबर उलटं, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. तेव्हा सुईची जाडी मोजायची, मिमी लिहिलेली भोकांची पट्टी घेऊन ठेवा, स्वस्त मिळते.

आणखी एक, या मासिकातले बरेच नमुने तुकड्यात विणायचे आहेत, पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या, मग शिवायचं. हल्ली इंटरनेटवरचे बरेच नमुने वरून खाली गोल सुईवर अखंड विणतात, शिवण नाही, तसं विणणाऱ्या मुलींना हे मागासलेलं वाटतं. मला उलट हेच आवडतं, आईची पद्धत आहे आणि खांद्याच्या शिवणीने जड स्वेटर लोंबत नाही. पण शिवायचा कंटाळा असेल तर हे मासिक तुमच्यासाठी नाही, स्पष्ट सांगते. तुम्ही सरळ निटी या इंटरनेटवरच्या विणकाम मासिकावर जा, 2002 पासून चालू आहे आणि नमुने फुकट असतात.

आता मला या मासिकात खरी किंमत कुठे वाटते ते. केफ फॅसेट, विणकामाचे नमुने करणारा कलाकार. मूळ सॅन फ्रान्सिस्कोचा, साठच्या दशकात इंग्लंडात आला, आणि 1988 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याच्या कामाचं प्रदर्शन झालं, हयात असलेल्या कापड-कलाकाराचं तिथलं ते पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. रोवनशी त्याचं नातं जुनं आहे. त्याचे नमुने म्हणजे रंगच रंग, पट्टे, चौकटी, एका स्वेटरमध्ये बारा-पंधरा रंग सहज. बघणारीला वाटतं अगं बाई, बारा रंगांचे बारा गुंडे घ्यावे लागणार! आणि दुकानदारालाही तसंच वाटावं अशी इच्छा असणार. पण नीट बघा, हेच नमुने साठा संपवायला सगळ्यात चांगले आहेत. त्याच्या पट्ट्यांमध्ये एक छटा इकडची तिकडे झाली तर काही बिघडत नाही, उलट उठून दिसतं. उरलेले अर्धे-पाव गुंडे, सारख्या जाडीचे, दोन ढीग करायचे, एक गडद, एक फिकट, आणि नमुन्यात रंगाचं नाव न वाचता फक्त गडद-फिकट पाळायचं. एकरंगी साध्या स्वेटरला मात्र ही मुभा नाही, तिथे नऊच्या नऊ गुंडे एकाच लॉटचे लागतात, म्हणजे दिसायला साधा तोच खिशाला महाग.

घ्यायचं कसं? नवा अंक पंधराएक पौंडांना पडतो, पुस्तकासारखा जाड कागद, वर्षानुवर्षं टिकतो, त्यामानाने ठीक. जुने अंक इथल्या चॅरिटी शॉपमध्ये (दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात) कधीकधी अगदी किरकोळ भावात सापडतात, दिसला तर उचला, कारण स्वेटरचा मुंढा-गळा काही शिळा होत नाही. जुन्या अंकातली लोकर बंद झालेली असते बऱ्याचदा, आणि गंमत म्हणजे तो फायदाच आहे, मोह व्हायला वस्तूच शिल्लक नाही, झक मारत घरातलीच लोकर काढावी लागते. कंपनीच्या साइटवर काही नमुने नाव नोंदवून फुकट पण मिळतात, पहिल्यांदा करणारीने तिथून सुरुवात करावी.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनी हिवाळी अंकाच्या नादी लागू नये असं माझं मत. मोहेर घालून तुळशीबागेत फिरणार आहात का? उन्हाळी अंक घ्या, त्यात सुती टॉप, बिनबाह्यांचे श्रग, जाळीचे नमुने असतात, आणि सुती दोरा आपल्याकडे चांगला आणि स्वस्त मिळतो. हिवाळी अंकाला माझे पाचपैकी तीन, उन्हाळीला चार. पाचवा तारा मी राखून ठेवलाय, ज्या अंकात प्रत्येक नमुन्याशेजारी ‘एकूण इतके मीटर’ असं गुणाकार न करायला लावता छापतील त्या अंकासाठी, पण लोकर विकणाऱ्याने तसं का छापावं म्हणा.