मुठीतला चार आकडी काउंटर: शिकारी पक्ष्यांच्या गणनेतील तीन हंगामांचा अनुभव

शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले गरुड, ससाणे, मधुबाज मोजायला बसणाऱ्याला दुर्बीण कोणती घ्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु मुठीत मावणाऱ्या टॅली काउंटरविषयी फारसे कोणी बोलत नाही. धातूचे कवच असलेला, बोटात अडकवायची कडी असलेला, अंगठ्याने खटका दाबला की ०००० पासून ९९९९ पर्यंत एकेक आकडा पुढे सरकवणारा असा एक साधा यांत्रिक काउंटर मी सलग तीन हंगाम वापरला आहे. तो गणनेसाठी निश्चित घ्यावा असे माझे मत आहे. मात्र त्यात एक दोष आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा.

या यंत्राचे मोल पक्षी कसे उडतात यावरून कळते. जमीन तापली की उबदार हवेचे स्तंभ वर चढतात आणि पंख न हलवता उंची मिळवण्यासाठी शेकडो पक्षी एकाच स्तंभात घिरट्या घालू लागतात. त्या भोवऱ्यात कोण मोजला आणि कोण राहिला याचा पत्ता लागत नाही, म्हणून तेव्हा मोजण्याचा मोह टाळावा लागतो. वरच्या टोकाला पोहोचल्यावर मात्र ते पंख ताठ करून एकामागून एक पुढच्या स्तंभाकडे घसरत जातात, आणि त्या रांगेत प्रत्येक पक्षी सुटा दिसतो. मोजायचे ते तेव्हाच. नजर दुर्बिणीतून क्षणभर हटली तरी रांगेचा धागा सुटतो. अंगठा मात्र न पाहता काम करत राहतो आणि प्रत्येक खटक्याची टिचकी बोटाला कळते. रांग दाट असेल तेव्हा दहा पक्ष्यांना एक खटका असा हिशेब धरतात. तसे केल्याची नोंद वहीत त्याच वेळी झाली पाहिजे.

समुद्रावर असे जोरदार स्तंभ तयार होत नसल्याने हे पक्षी मोठे पाणी टाळतात आणि डोंगर व किनारा यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतात. मेक्सिकोतील व्हेराक्रूझ येथे एका शरद ऋतूत चाळीस लाखांहून अधिक, तर काळ्या समुद्राकाठच्या बातुमी येथे दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले आहेत. अशा ठिकाणी एका माणसाने एका काउंटरवर भागत नाही. जातीनिहाय वेगळे काउंटर आणि वेगळी माणसे लागतात. लहान ठाण्यावर मला दोन पुरले: उजव्या हातात सर्वाधिक संख्येची जात, डाव्या हातात दुसरी, आणि तुरळक दिसणाऱ्या बाकीच्या जाती थेट वहीत.

आता दोष. आकडे शून्यावर आणणारी बाजूची फिरकी कवचाबाहेर आलेली असते आणि ती फारच सहज फिरते. दुसऱ्या हंगामात काउंटर कोटाच्या खिशात ठेवताना ती अस्तरात अडकून फिरली आणि भर दुपारची पाऊण तासाची मोजणी पुसली गेली. त्या पाऊण तासाचे पक्षी परत मोजता येत नाहीत, याची हळहळ आजही वाटते. तेव्हापासून मी त्या फिरकीवर चिकटपट्टी लावतो आणि दर तासाला आकडा, वाऱ्याची दिशा, ढग व दृश्यमानता वहीत उतरवल्याशिवाय जागचा हलत नाही.

बॅटरीवर चालणारा काउंटरही वापरून पाहिला. तो हलका आहे, परंतु त्याचे बटण दाबले गेले की नाही हे बोटाला समजत नाही आणि उन्हात पडदा वाचता येत नाही. त्यामुळे पुन्हा पुन्हा खाली पाहावे लागते, आणि नेमके तेच टाळायचे असते.

एवढी काटेकोरी कशासाठी, असे विचारले जाते. पेनसिल्व्हेनियातील हॉक माउंटनवर १९३४ मध्ये सुरू झालेल्या गणनेत बाल्ड ईगल या अमेरिकी गरुडाच्या कोवळ्या पक्ष्यांचे प्रमाण घटत गेल्याचे दिसले, आणि डीडीटीमुळे होणारी हानी दाखवताना ते आकडे पुराव्यादाखल उपयोगी पडले. अमेरिकेत १९७२ मध्ये त्या कीटकनाशकावर बंदी आली. प्रत्येक पक्षी प्रामाणिकपणे मोजला गेला होता म्हणूनच त्या आकड्यांना वजन होते.

विकत घेताना खटका सलग शंभर वेळा भराभर दाबून पाहावा. आकडा शंभरच आला पाहिजे. याआधीच्या माझ्या काउंटरवर तो सत्त्याण्णव आला होता.