कुत्र्यांसोबत ग्रँड कॅन्यन: माथर कॅम्पग्राउंड कसं आहे?

कुत्र्यांना घेऊन दरीकाठी तंबूत राहायचं असेल, तर अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरचं, म्हणजे दक्षिण काठावरचं, माथर कॅम्पग्राउंड आम्ही डोळे मिटून सुचवू. तिथल्या सोयी साध्याच आहेत; खरा फायदा तंबूतून बाहेर पडल्यावर कळतो. झायन राष्ट्रीय उद्यानात कुत्र्यांना पारूस ही एकच पायवाट खुली आहे, आर्चेस उद्यानात तर एकही नाही. इथे मात्र काठावरची रिम ट्रेल चालते. पट्टा ६ फुटांपेक्षा लांब नको आणि काठाखाली एक पाऊलही नाही, एवढ्या दोन अटी.

पार्कच्या बसमध्ये कुत्र्यांना घेत नाहीत, हे आधीच डोक्यात पक्कं करा, कारण सगळा बेत त्यावर ठरतो. माथरहून ग्रीनवेच्या पायवाटेने मैलभर चाललं की काठ येतो, त्यामुळे रोजच्या फेरीला बस लागतच नाही. पण १ मार्च ते ३० नोव्हेंबर हर्मिट रोडवर खासगी गाड्या बंद असतात, आणि याकी पॉइंटवर तर वर्षभर. कुत्र्यांसोबत उलट दिशेला, डेझर्ट व्ह्यू ड्राइव्हवर जा. तिथे स्वतःची गाडी नेता येते. ग्रँडव्ह्यू, मोरान, लिपान असे थांबे घेत जायचं; लिपानवरून खाली कोलोराडो नदी स्पष्ट दिसते. यातल्या बऱ्याच जागी कठडा अर्धवट असतो. गळपट्ट्याऐवजी हार्नेस घाला. खारीमागे झेप घेतलेलं किंवा दचकून मागे सरलेलं कुत्रं गळपट्ट्यातून डोकं सहज काढून घेतं.

आता प्रत्यक्ष जागेविषयी. ३००हून जास्त जागा आहेत. एका जागेत ६ माणसं, ३ तंबू, २ गाड्या. टेबल आणि शेकोटीचं कडं मिळतं, वीज मिळत नाही. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर ६ महिने आधी उघडतं. आवाजाला बिचकणारं कुत्रं असेल तर पाइन लूप या भागातली जागा घ्या, तिथे जनरेटरला बंदी आहे. शॉवर आणि कपडे धुण्याची मशिनं वेगळ्या इमारतीत आहेत, काही जागांपासून ती बरीच लांब पडतात. जमीन चुनखडीची, कडक. तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या वाकतात. जाड पोलादी खुंट्या आणि हातोडी न्या. पाँडेरोसा पाइनचा चीक कुत्र्याच्या केसांना चिकटला की पाण्याने निघत नाही. खोबरेल तेल चोळून पाच मिनिटांनी फणी फिरवा.

उंची सुमारे ७,००० फूट आहे. फिनिक्स शहर तापलेलं असताना इथे मे आणि ऑक्टोबरच्या रात्री पारा गोठणबिंदूजवळ जातो. कुत्र्यांना थंडी जमिनीतून लागते, म्हणून नुसतं पांघरूण पुरत नाही. खाली फोमची चटई हवीच. दुपारी याच्या उलट. डांबरावर हाताची उलटी बाजू ७ सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर पंजेही भाजणार. रिम ट्रेलच्या ट्रेल ऑफ टाइम या भागात दर मीटरला दहा लाख वर्षांची खूण म्हणून धातूच्या चकत्या बसवल्या आहेत, त्या उन्हात आणखी तापतात. तिथे सकाळी लवकर जावं.

पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवा. ३० किलोच्या लॅब्रॅडोरला नुसतं बसून दिवसाला दीड-दोन लिटर लागतं. चालणार असाल तर ४ लिटर धरा. हिरडीला बोट लावून बघायची सवय ठेवा. ती ओली, बुळबुळीत हवी. चिकट लागली तर पाणी कमी पडतंय. साउथ रिमचं पाणी दरीपलीकडून एका जुन्या पाइपलाइनने येतं आणि ती वारंवार फुटते. त्यामुळे नळ आहेत म्हणून रिकाम्या कॅनने जाऊ नका, निघण्याआधी पार्कच्या सूचना वाचा. उन्हाळ्यात बरेचदा शेकोटीबंदीही असते, गॅसची शेगडी सोबत असू द्या.

दरीत उतरायचं असेल तर कुत्र्याला पार्कच्याच केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे सांभाळणाऱ्या जागी, ठेवावं लागेल. जागा आधी राखून ठेवा आणि लसींचे दाखले सोबत घ्या. कॅम्पवर एकटं बांधून जायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे: एल्क ही मोठी हरणं तंबूंमधून बिनधास्त फिरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे नर अंगावर येतात. केनेल संध्याकाळी बंद होतं, म्हणून दिवसभर दरीत उतरायचा बेत आखू नका. साउथ कैबाब वाटेने सीडर रिजपर्यंत जाऊन-येऊन ३ मैल होतात, २ ते ४ तास लागतात. अर्ध्या दिवसाला तेवढं बास. चढ परतताना असतो, हे विसरून लोक उशीर करतात.

फिनिक्सहून येता-जाता आय-१७ महामार्गावर कुत्र्यांना उतरवाल तिथे चोया निवडुंग असू शकतो. त्याचा गोळा पायात रुतला तर हाताने ओढू नका, काटे तुमच्या बोटात शिरतील आणि कुत्रं चावून ते तोंडात घेईल. एकाने तोंड धरायचं, दुसऱ्याने गोळ्याखाली मोठ्या दातांची फणी सरकवून तो झटक्यात उडवायचा, आणि राहिलेले काटे चिमट्याने एकेक काढायचे. फणी आणि चिमटा डिकीतल्या बॅगेत नको, गाडीच्या पुढच्या खणात हवा.