आठ महिने गॉब्लिन: टिचकीचा हिशोब

गेल्या पावसाळ्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या कथाखेळातली आमची जुनी कॅम्पेन (सलग चालणारी कथा) संपली आणि नव्या कॅम्पेनला मी गॉब्लिन विझर्ड, म्हणजे बुटकी जादूगारीण, घेतली. नाव टिचकी. परळला मित्राच्या दीड खोलीत दर दुसऱ्या रविवारी आमचं टेबल बसतं. टेबल म्हणजे खरं तर दिवाण, त्यावर मॅप आणि कडेला फरसाण. खेळतो त्याची फिफ्थ एडिशन (पाचवी आवृत्ती), आणि गॉब्लिन २०१६ च्या ‘व्होलोज गाइड’मधला, कारण डीएमकडे (खेळ चालवणाऱ्याकडे) तेच पुस्तक आहे. २०२२ च्या पुस्तकात हे नियम बदललेत, तिथे माझं गणित लागू नाही.

आधी रड. या गॉब्लिनला डेक्स्टेरिटी (चपळाई) +२ आणि कॉन्स्टिट्यूशन (दमदारपणा) +१ मिळतं, विझर्डची जादू ज्यावर चालते त्या इंटेलिजन्सला काहीच नाही. पॉइंट बायने (ठरलेले गुण वाटून घेताना) १५ च्या वर जाता येत नाही, म्हणजे पहिल्या तीन लेव्हल माझा सेव्ह डीसी (माझ्या मंत्रातून वाचायला समोरच्याला फाशावर लागणारा आकडा) १२ वर अडकलेला. समोरचे सर्रास वाचायचे. एल्फ घेतलेला मित्र तेव्हा फार गोड हसायचा.

पण गॉब्लिनची निंबल एस्केप ही खुबी! शत्रूला भिडलेले असताना मागे सरकलात तर तो जाता जाता एक फटका मारून घेतो. तो टाळायला डिसएंगेज (सावध माघार), आणि त्यात अख्खी ॲक्शन, म्हणजे टर्नमधली मुख्य कृती, जाते. गॉब्लिनला हेच बोनस ॲक्शनमध्ये (वरच्या छोट्या कृतीत) जमतं, तेही दर टर्नला. दादरला गच्च भरलेल्या डब्यातून खांदा तिरका करून नेमका सटकणारा एक बारका माणूस असतो ना, तसं. चौथ्या लेव्हलला भुयारात ओगर (धिप्पाड राक्षस) थेट पुढ्यात उभा. माझे हिट पॉइंट (उरलेला जीव) ९, त्याच्या सोट्याचा सरासरी फटका १३. बर्निंग हँड्स हा आगीचा मंत्र टाकला, ३डी६ (सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज). वर फ्युरी ऑफ द स्मॉलचे ४ (आपल्याहून मोठ्या आकाराच्या शत्रूला लेव्हलइतकं जादा डॅमेज, एका विश्रांतीमागे एकदाच). मग बोनस ॲक्शनला डिसएंगेज आणि आमच्या फायटरच्या (लढवय्याच्या) तंगड्यांमधून पलीकडे. ओगर मेला नाही, पण पुढचा फटका फायटरने झेलला.

म्हणूनच गॉब्लिनला ‘रोग’ (Rogue, चोरटा) करणाऱ्यांनी जरा थांबा. त्यांना दुसऱ्या लेव्हलला कनिंग ॲक्शन मिळते, तिच्यात निंबल एस्केपमधले डिसएंगेज आणि हाइड (लपणं) दोन्ही आहेत, वर डॅशही (जादा धाव). मग गॉब्लिनचा हा ऐवज फुकट जातो. विझर्ड, क्लेरिक (पुजारी), धनुष्यवाला फायटर, यांना घ्या. फक्त लाँगबो नको. तो हेवी आहे, छोट्या अंगाला डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा) बसतो. शॉर्टबो घ्या.

एक चूक माझी. पहिले दोन महिने मी किरकिऱ्या आवाजात बोलत होतो. एकदा शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, “कुणाला लागलंय का रे?” त्या दिवसापासून बंद. चोरीचे विनोदही तिसऱ्या सेशनला शिळे होतात. आणि डीएमने प्रत्येक गावाच्या वेशीवर टिचकीला अडवायचा सपाटा लावला होता, तो शेवटी फरसाण बंद करण्याची धमकी दिल्यावर थांबला.

परवा वाटेत गॉब्लिनांची टोळी आडवी आली. मॉन्स्टर मॅन्युअल या शत्रूंच्या पुस्तकातला २०१४ चा साधा गॉब्लिन म्हणजे ७ हिट पॉइंट, ५० एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण). पूर्वी आम्ही त्यांना भाजीसारखे चिरायचो. फायटरने डाइस उचललाही होता. टिचकी गॉब्लिन भाषेत ओरडली, घासाघीस झाली, टोळीने वाट सोडली. बदल्यात आमच्या चमूचं सगळं सुकं मांस गेलं. न मारता एक्सपी द्यायचे की नाही, यावर ग्रुपवर अजून भांडण चालू आहे.