दुर्बिणीतून नजर न काढता पक्षी मोजण्यासाठी : स्टीलचा चार आकडी काउंटर

मावळतीला गवतात उतरणारे भोवत्या पक्षी, म्हणजे हॅरियर, मोजताना दुर्बिणीवरून डोळा हटवून चालत नाही. वहीत रेघ ओढायला मान खाली घातली, की तेवढ्यात दोन पक्षी गवतात दिसेनासे झालेले असतात. म्हणून मी नाशिकच्या मेन रोड परिसरातील एका दुकानातून 180 रुपयांना स्टीलचा हातकाउंटर घेतला आणि गेली दोन वर्षे फाल्गुन-चैत्रात, पाहुणे पक्षी उत्तरेकडे परतायला लागतात त्या दिवसांत, तो नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर आणि सिन्नरकडच्या माळांवर वापरला. दारावर माणसे किंवा गोदामात पोती मोजायला वापरतात, तोच हा काउंटर.

तो मुठीत सहज मावतो. मागच्या कडीत बोट अडकवून अंगठ्याने खटका दाबला, की शेवटचे चाक एक आकडा पुढे सरकते. मोजणी 0000 पासून 9999 पर्यंत जाते आणि कुशीतली चकती फिरवली की पुन्हा शून्यावर येते. त्याला सेल लागत नाही. मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्याचा ‘टक्’ आवाज आणि अंगठ्याला जाणवणारा धक्का, कारण नोंद झाली की नाही हे न पाहता कळते. पंचवटीत जपासाठी मिळणारा, बोटात घालायचा डिजिटल काउंटर मी त्याआधी वापरून पाहिला होता. जपासाठी तो उत्तमच आहे. पण त्याचे बटण मऊ असल्यामुळे दाबले गेले की नाही याची खात्री होत नव्हती आणि प्रत्येक वेळी पडद्याकडे पाहावे लागत होते. मोबाइलवर मोजण्यात तर अंधार पडू लागल्यावर पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात.

भोवत्यांच्या रातथाऱ्यावर मात्र एका काउंटरने भागत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात उमगले. मार्चच्या मध्यावर येथे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याच्या आगेमागे पक्षी एकेक करून जमिनीलगत तरंगत येतात. बसलेला पक्षी पुन्हा उठतो, चक्कर मारतो आणि दुसऱ्या जागी बसतो. उतरणारा प्रत्येक पक्षी मोजत गेलो, तर एकच पक्षी तीनदा मोजला जातो. त्यामुळे मी दुसरा काउंटर घेतला. आता उजव्या हातातल्यावर उतरलेले आणि डाव्या हातातल्यावर उठलेले पक्षी मोजतो आणि अखेरीस वजाबाकी करतो. दुर्बीण तिपाईवर असेल तरच हे जमते.

दुपारी तापलेल्या हवेच्या झोतावर घारी किंवा गरुड गिरक्या घेत चढत असतील, तेव्हा खटक्याला हात लावू नये. झोताच्या माथ्यावरून सुटून ते रांगेने एका दिशेला निघतात, तेव्हाच मोजावे. जॉर्जियातील बाटुमी येथे शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात, आणि तेथील मोजणीदारांच्या हातीही असेच खटक्याचे काउंटर असतात. नाशिकच्या आकाशात एवढी गर्दी कधीच नसते, पण शिस्त तीच लागते.

मोठ्या थव्यांसाठी, विशेषतः पळस-पांगाऱ्यावरून उठणाऱ्या भोरड्यांसाठी, मी एका खटक्याला दहा पक्षी धरतो. आधी दहा पक्षी नीट मोजून त्यांचा आकार डोळ्यांत बसवायचा आणि तेवढेच तुकडे थव्यावरून सरकवत न्यायचे. हे प्रमाण वहीत आधीच लिहून ठेवावे. घरी आल्यावर 64 म्हणजे 64 की 640, हा प्रश्न फार छळतो.

आता दोष. 99 वरून 100 वर जाताना तीन चाके एकदम फिरतात, खटका जड लागतो आणि अर्धवट दाबला तर एक पक्षी राहून जातो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिल्यावर हा त्रास बराच कमी झाला. दुसरा दोष गंभीर आहे : शून्यावर आणणारी चकती उघडी आणि सैल असते. गेल्या मार्चमध्ये काउंटर खिशात ठेवताना ती अस्तरात अडकून फिरली आणि संपूर्ण संध्याकाळची मोजणी पुसली गेली. त्या दिवशीची नोंद मला कोरी ठेवावी लागली, कारण आठवणीतला आकडा लिहिणे मला पटत नव्हते. तेव्हापासून काउंटर गळ्यात दोरीने अडकवतो, चकतीवर चिकटपट्टी लावतो आणि दर 15 मिनिटांनी आकडा वहीत उतरवतो.

घेताना दुकानातच 95 पासून 105 पर्यंत खटका दाबून पाहावा आणि चकती घट्ट असलेला नग निवडावा. प्लास्टिकच्या अंगाचे काउंटर थोडे स्वस्त असतात, परंतु माझ्या सोबत्याच्या काउंटरची कडी दुसऱ्या फेरीतच तुटली. स्टीलचे दोन नग एकदम घ्यावेत.