अनामतीतून दुरुस्ती-सफाईचा खर्च: ठोक वजावट, बिलाप्रमाणे वजावट की भाडेकरूलाच संधी?

भाडेकरूने घर सोडत असल्याचे कळवले की घरमालकाच्या मनात अनामत रकमेचा हिशेब सुरू होतो. घर पुन्हा भाड्याने देण्याजोगे करायला किती खर्च येईल आणि त्यातला किती भाग जाणाऱ्या भाडेकरूच्या अनामतीतून वळता करता येईल, हे त्याला ठरवायचे असते. त्यासाठी साधारणपणे तीन पद्धती वापरल्या जातात. पहिलीत करारातच एक ठोक रक्कम लिहून ठेवलेली असते आणि घर सोडताना ती सरसकट कापली जाते. दुसरीत घर ताब्यात आल्यावर काम प्रत्यक्ष करून घेतले जाते आणि बिलाप्रमाणे वजावट होते. तिसरीत भाडेकरू घरात असतानाच पाहणी करून उणिवा त्याला दाखवल्या जातात आणि त्याने त्या दूर केल्या तर काहीच कापले जात नाही. या तिन्हींपैकी कोणत्या पद्धतीत जास्त पैसे हाती येतात, हा प्रश्न स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. भाडेकरूने हरकत घेतली तरी वजावट टिकून राहील का, हे त्याआधी पाहायला हवे.

पद्धत कोणतीही निवडली तरी मुळात काय कापता येते, हे तिच्यामुळे बदलत नाही. भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ भाडेपट्ट्याने घेतलेली मालमत्ता ताब्यात घेतली त्या वेळच्या स्थितीत परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकते, पण वाजवी झीज आणि आवरता न येणाऱ्या आपत्तीमुळे झालेले बदल त्यातून वगळते. जर्मन नागरी संहितेचे कलम ५३८ देखील करारानुसार केलेल्या वापरामुळे वस्तूत जो बदल होतो त्याबद्दल भाडेकरूला जबाबदार धरत नाही. शब्द वेगळे असले तरी भेद एकच आहे. उन्हाने फिका पडलेला रंग, रोजच्या वावराने गुळगुळीत झालेली फरशी आणि सैल झालेली बिजागरी ही झीज आहे, तर फुटलेले बेसिन, दाराला पडलेले भगदाड, गरम भांडे ठेवून भाजलेला लाकडी पृष्ठभाग आणि मालकाला न विचारता भडक रंगात रंगवलेली खोली हे नुकसान आहे.

मधल्या पट्ट्यातल्या गोष्टी मात्र अवघड असतात आणि बहुतेक भांडणे तिथेच होतात. भिंतीवरची बुरशी हे त्याचे ठळक उदाहरण. बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल किंवा भिंतीत गाडलेला नळ गळत असेल तर तो खर्च सर्वस्वी मालकाचा असतो. उलट, खिडक्या महिनोन्महिने बंद ठेवून ओले कपडे आतच वाळवले गेले असतील तर भाडेकरूवर काही जबाबदारी येऊ शकते. बुरशी कुठे आहे यावरून बरेच कळते: एकाच ठिकाणी ओलाव्याचा डाग आणि त्याभोवती फुगलेले प्लास्टर असेल तर गळतीचा संशय घ्यावा, कोपऱ्यांत आणि कपाटांमागे सगळीकडे पातळ काळा थर असेल तर हवा खेळती नसल्याचा. हे न तपासता बुरशी काढण्याचे बिल सरळ भाडेकरूच्या नावावर टाकणारा मालक स्वतःच्याच दुरुस्तीचा खर्च त्याच्या पैशांतून भागवत असण्याची शक्यता बरीच असते.

ठोक वजावटीचे आकर्षण उघड आहे. रक्कम आधीच ठरलेली असल्यामुळे ना घासाघीस करावी लागते, ना पावत्या जमवाव्या लागतात, आणि हिशेब चावी परत मिळाली त्याच दिवशी संपतो. तरीही तिन्हींपैकी सर्वांत कच्ची पद्धत मला हीच वाटते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी आधी लिहिलेली रक्कम ही केवळ वरची मर्यादा असते. मिळते ती त्या मर्यादेतील वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा जसाच्या तसा नव्हे. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून लागू झालेल्या भाडेकरू शुल्क कायद्यामुळे घर सोडताना व्यावसायिक सफाईचे शुल्क भरलेच पाहिजे अशी अट भाडेकरूवर घालता येत नाही. घर आले तेव्हा जितके स्वच्छ होते तितके स्वच्छ करून द्या, एवढेच सांगता येते. ठोक रकमेचा दुसरा दोष व्यवहारातला आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. सफाईचे पैसे कापले जाणारच आहेत हे माहीत असलेला भाडेकरू निघताना केर काढण्याचेही कष्ट घेत नाही, आणि घर लख्ख करून देणाऱ्याला व उकिरडा करून जाणाऱ्याला सारखाच भुर्दंड बसतो. दुरुस्तीसाठी तर ठोक रकमेला काही अर्थच उरत नाही, कारण काय मोडणार आहे हे करार करताना कोणालाच ठाऊक नसते.

बिलाप्रमाणे वजावट ही सर्वांत भक्कम पद्धत, पण तिच्यामागे काम आहे, आणि ते भाडेकरू राहायला येतो त्या दिवसापासून सुरू होते. घर ताब्यात देताना प्रत्येक खोलीची स्थिती लिहून, तारखेसह छायाचित्रे काढून दोघांनी सह्या केलेल्या असतील, आणि सोडताना त्याच कोनांतून तीच छायाचित्रे पुन्हा काढली असतील, तर बाकीचा वाद जवळजवळ आपोआप मिटतो. पहिल्या दिवसाची नोंद नसेल तर शेवटच्या दिवसाची शंभर छायाचित्रेही फक्त घर आज कसे आहे एवढेच सांगतात. ते आधी कसे होते हे सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये अनामत ठेवण्याच्या मान्यताप्राप्त योजनांमार्फत वाद सोडवला जातो तेव्हा ती रक्कम भाडेकरूची आहे असे धरूनच सुरुवात होते आणि तिच्यावरचा हक्क सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. असा कायदा नसलेल्या ठिकाणीही मालकाने स्वतःला त्याच जागी उभे करून कागद तपासावेत.

या पद्धतीत चूक होते ती बहुधा बिलाच्या पूर्ण रकमेवर हक्क सांगण्यात. जुन्या वस्तूच्या जागी नवी वस्तू आली की मालकाचा फायदा होतो आणि तो फायदा भाडेकरूने द्यायचा नसतो. समजा, घराचा रंग साधारण पाच वर्षे टिकतो असे धरले आणि तीन वर्षांपूर्वी रंगवलेली भिंत भाडेकरूने खराब केली, तर त्या भिंतीचे दोन वर्षांचे आयुष्य वाया गेले. म्हणून त्या कामाच्या खर्चाचा पाचातला दोन भाग मागणे वाजवी ठरते. तीच भिंत सहा वर्षांपूर्वी रंगवलेली असेल तर नुकसान कितीही विद्रूप दिसत असले तरी रंगापोटी मागण्यासारखे जवळजवळ काही उरत नाही. मागता येते ते प्लास्टर भरून काढण्याच्या मजुरीपुरते. एका भिंतीसाठी संपूर्ण घर रंगवून त्याचे बिल लावणे हा तर उघड अतिरेक. नव्या-जुन्या रंगाची छटा जुळत नाही ही मालकाची अडचण खरी असते, पण तिचे उत्तर ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवणे हे आहे. बाकीच्या खोल्यांचा भार भाडेकरूवर टाकण्याचे कारण नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन असे ठरवले की ज्या भाडेकरूला न रंगवलेले घर कोणत्याही योग्य मोबदल्याशिवाय दिले गेले, त्याच्यावर रंगकामाची जबाबदारी छापील करारातल्या कलमाने टाकता येत नाही.

बिलाऐवजी कारागिराने दिलेल्या अंदाजपत्रकावर वजावट करण्याची प्रथाही आहे. काम लांबणार असेल तर ती समजण्यासारखी आहे, पण अंदाज हा अंदाजच असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात मालकाला घर रिकामे झाल्यापासून २१ दिवसांत वजावटीचा तपशील द्यावा लागतो. त्या मुदतीत काम पूर्ण होणे शक्य नसेल तर प्रामाणिक अंदाज देऊन पुढे काम संपल्यावर १४ दिवसांत खरा हिशेब पाठवावा लागतो. मालकाने स्वतः हाताने काम केले असेल तर काय केले, किती वेळ लागला आणि तासाचा दर काय धरला हे लिहावे लागते, आणि तो दर वाजवी असावा लागतो. हा नमुना कुठेही वापरण्यासारखा आहे. ‘किरकोळ दुरुस्ती आणि सफाई’ अशा एका ओळीखाली मोठा आकडा लिहिण्याइतके संशय वाढवणारे दुसरे काही नाही.

तिसरी पद्धत, म्हणजे भाडेकरूला आधी संधी देण्याची, कागदावर सर्वांत सौम्य दिसते आणि सफाईच्या बाबतीत ती खरोखरच सर्वांत स्वस्त पडते. शेगडीवरचा चिकट थर, न्हाणीघरातील क्षारांचे डाग, कपाटांतला उरलासुरला माल, खिडक्यांच्या जाळ्यांतली धूळ या गोष्टी भाडेकरू एका सुट्टीच्या दिवसात उरकू शकतो, आणि त्याच कामासाठी बाहेरून माणसे बोलावली की बिल फुगते. वर उल्लेखलेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात भाडेकरूने मागितल्यास मुदत संपण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत अशी पाहणी करून उणिवांची यादी त्याला द्यावी लागते. सफाईचा निकषही तिथे नेमका आहे: घर भाड्याने दिले तेव्हा जेवढे स्वच्छ होते तेवढे. मळलेले घर देऊन चकचकीत घर परत मागता येत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र ही उदारता महागात पडू शकते. भाडेकरूने घाईत पुट्टी भरून दुसऱ्याच छटेचा रंग फासला तर मूळ छिद्रापेक्षा ती दुरुस्तीच जास्त खटकते, आणि मग ते उकरून पुन्हा काम करण्याचा खर्च कोणाचा, हा नवा वाद उभा राहतो. वीज आणि गॅसच्या जोडण्यांना तर त्याला हात लावू देऊच नये; तिथे जाणकार कारागीरच हवा, मग पैसे कोणीही देवोत. शिवाय सामान घरात असताना केलेल्या पाहणीत पलंगामागची भिंत आणि गालिच्याखालची फरशी दिसत नाही. म्हणून पाहणीच्या यादीखाली ‘सामान हलवल्यानंतर आढळलेल्या गोष्टींचा यात समावेश नाही’ असे लिहून घ्यावे. वेळेचे बंधनही पाळायला हवे: संधी द्यायची ती भाड्याची मुदत चालू असतानाच. चावी परत आल्यावर भाडेकरूला कामासाठी पुन्हा घरात येऊ दिले तर ताबा नेमका कधी सुटला, हाच प्रश्न निर्माण होतो.

तिन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या की वेगाच्या बाबतीत ठोक वजावट जिंकते, पुराव्याच्या बाबतीत बिलाची पद्धत, आणि एकूण खर्च कमी ठेवण्याच्या बाबतीत संधीची. पण घरमालकाने पूर्ण घरासाठी एकच पद्धत निवडावी असे कुठे लिहिलेले नाही. माझ्या मते कामाच्या प्रकारानुसार विभागणी करणे सर्वांत शहाणपणाचे: सफाईसाठी आधी लेखी संधी आणि ती न घेतल्यास बिल, मोडतोडीसाठी सुरुवातीपासूनच बिल, वस्तूच्या वयाची सूट देऊन. ठोक रकमेलाही एक जागा आहे, पण ती करारात नव्हे. घर रिकामे झाल्यावर दोघांनी मिळून पाहणी केली, नुकसान समोर आहे, रक्कम लहान आहे आणि दोघांनाही पुढच्या कटकटीत पडायचे नाही, अशा वेळी तिथल्या तिथे एक आकडा ठरवून सह्या करणे ही सरळ तडजोड आहे. आधी लादलेल्या ठोक रकमेत आणि पाहून मान्य केलेल्या ठोक रकमेत फार अंतर आहे.

पहिल्या दिवसाची नोंदच नसेल तर निवड आपोआप आक्रसते. अशा वेळी ज्या गोष्टी झीज म्हणून खपूच शकत नाहीत, जसे फुटलेली काच, गायब झालेला पंखा, उखडलेला नळ, तेवढ्यांवरच बोट ठेवावे आणि रंग, फरशी, जुने कपाट यांबाबतची मागणी सोडून द्यावी. आणखी एक अडचण मालकाला अनेकदा शेवटच्या महिन्यात कळते: अनामत परत मिळेल याची खात्री नसलेला भाडेकरू शेवटचे भाडे देणे थांबवतो आणि ते अनामतीतून कापा असे सांगतो. तसे झाले की दुरुस्तीसाठी हाताशी फारच थोडे उरते. अनामतीवरच्या कायदेशीर मर्यादांमुळे हा प्रश्न अधिक टोचतो. जर्मनीत ती तीन महिन्यांच्या भाड्यापलीकडे घेता येत नाही, तर भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, मात्र तो राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो. अनामत शेवटच्या भाड्यात वळती होणार नाही हे करारात लिहावेच, पण त्यावर विसंबू नये. पाहणी लवकर करून अपेक्षित वजावट सांगितली की भाडेकरूची भीती कमी होते आणि भाडे अडवण्याचे कारणही उरत नाही.

हिशेबाच्या कागदावर खोली, वस्तू, नुकसान, वस्तूचे वय, एकूण खर्च आणि भाडेकरूचा हिस्सा असे रकाने असावेत, सोबत बिलांच्या प्रती जोडाव्यात आणि ज्या रकमेबद्दल वाद नाही ती तो मिटण्याची वाट न पाहता लगेच परत करावी. हातात अर्ध्याहून जास्त पैसे आलेला भाडेकरू उरलेल्या दोन-तीन ओळींवर शांतपणे बोलू शकतो. रक्कम दिल्याची पावती घेताना मात्र ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द, वादाच्या ओळी मिटेपर्यंत, तिच्यावर लिहून घेण्याचा आग्रह धरू नये.