११० दिवस पुरलेली सनस्क्रीनची बाटली

परवा सकाळी पंप दाबला आणि नुसती हवा आली. पुन्हा दाबला, पुन्हा हवा. बाटली हाताला जड लागत होती, म्हणजे आत माल होता, फक्त बाहेर येत नव्हता. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवायची मला सवय आहे, म्हणून नेमकं सांगता येतं: तो ११०वा दिवस होता.

एसपीएफ (उन्हाने त्वचा भाजण्यापासून संरक्षणाचा आकडा) ५०, पीए (यूव्हीए किरणांपासून संरक्षणाची खूण) चार प्लस, पातळ, पांढरट थर न सोडणारी, ५० ग्रॅम. एवढं सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते पंपाबद्दल.

हा एअरलेस पंप. आत नळी नसते. तळाशी एक चकती असते आणि पंप दाबला की तीच थोडी थोडी वर सरकत मालाला वर ढकलते. आत हवा जात नाही, त्यामुळे क्रीम टिकतं, हे खरं आहे आणि कल्पना चांगलीच आहे. पण ती चकती तिरकी झाली किंवा मध्ये हवेचा बुडबुडा शिरला, तर सगळं ठप्प. वर बाटली अपारदर्शक, त्यामुळे किती उरलंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

ग्राहक सेवेला फोन केला. "मॅडम, बाटली रात्रभर उलटी ठेवा." ठेवली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तळाच्या छिद्रातून काडी घालून चकती वर ढकला. ढकलली, ती जराशी सरकली आणि पुन्हा रुतली. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं की वापरलेल्या मालाची तक्रार घेत नाही. पंप बिघडलाय हे वापरल्याशिवाय कळणार कसं, असं मी विचारलं, त्यावर काही उत्तर नव्हतं. फोटो जोडून ईमेल केल्यावर पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. मला सवलत नको होती. मी विकत घेतलेले ५० ग्रॅम हवे होते.

शेवटी भावाने करवतीने बाटली कापून दिली. आतलं सगळं खरवडून छोट्या डिजिटल काट्यावर तोललं: १०.४ ग्रॅम. म्हणजे मालाचा पाचवा भाग आतच अडकलेला. इथपर्यंत माझा राग सरळ होता आणि एक तारा देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं.

मग सहज हिशेब केला. ११० दिवसांत ३९.६ ग्रॅम संपलं, म्हणजे रोज ०.३६ ग्रॅम. मी रोज दोन दाब घेत होते, म्हणजे एका दाबाला ०.१८ ग्रॅम. आता दुसरी बाजू बघा. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. चेहरा साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरला तर १.२ ग्रॅम लागतं. कान आणि मान वेगळीच. मी लावत होते त्याच्या तिपटीहून जास्त! थर पातळ झाला की संरक्षणही खाली येतं. एसपीएफ ५० माझ्या चेहऱ्यावर कधी नव्हताच.

पहिल्या महिन्यात मी इथेच लिहिलं होतं की बाटली तीन महिन्यांहून जास्त पुरेल, पैसे वसूल. ते मत मागे घेते. कोणी ते वाचून पुरवून पुरवून लावत असेल तर कृपया तसं करू नका. चेहऱ्याला पुरेसं लावलं तर, दिवसातून एकदाच लावूनसुद्धा, ५० ग्रॅमची बाटली सहा आठवड्यांच्या आत संपायला हवी.

आणि म्हणूनच पंप अडकण्यापेक्षा मला आता दुसरीच गोष्ट जास्त खुपते. मागच्या बाजूला छापलंय: "१ ते २ पंप". या पंपाचे सात दाब घेतल्यावर कुठे चेहऱ्यापुरतं क्रीम येतं. ज्यांनी हा पंप निवडला त्यांना एका दाबाला किती येतं हे माहीत असणारच. सात दाब छापलं तर बाटली किती लवकर संपते ते गिऱ्हाइकाला दिसेल. ही सूचना बदलेपर्यंत मी ही बाटली पुन्हा घेणार नाही.

याचं मला एवढं वाईट का वाटतं, तेही सांगते. तिसऱ्या महिन्यात डाव्या गालावर वांग दिसायला लागला. उजव्या गालावर अगदी पुसट, डावीकडे स्पष्ट. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खिडकीशेजारी बसता का? कुठल्या बाजूला?" माझं टेबल खिडकीला लागून आहे, आणि खिडकी डावीकडे. साध्या काचेतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे किरण, जवळपास येत नाहीत, म्हणून त्वचा भाजत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाऊन डाग आणि सुरकुत्या आणणारे किरण, मात्र बऱ्यापैकी आत येतात. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची, डावी बाजू जाड आणि सुरकुत्यांनी भरलेली होती, दुसरी तुलनेने नितळ. तो फोटो मी आधी पाहिला होता. तरी स्वतःच्या टेबलाशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला नवी होती. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, त्यातही निळा-जांभळा भाग, डाग गडद करतो. तो अडवायला रंग न दिसणारी सनस्क्रीन उपयोगी नाही. लोह ऑक्साइड हे रंगद्रव्य लागतं, म्हणजे टिंट (त्वचेसारखी रंगछटा) असलेली सनस्क्रीन. मी जी "पांढरट थर सोडत नाही" म्हणून आवडीने घेतली होती, ती वांगासाठी चुकीचीच निवड होती. (मोबाइलच्या पडद्याची काळजी करत बसू नका, सूर्यापुढे तो उजेड फार क्षीण असतो.)

"प्रदूषणापासून संरक्षण" हेही बाटलीवर आहे. त्यावर माझा भरवसा नाही. एसपीएफसारखा जगभर मान्य असलेला आकडा प्रदूषणासाठी नाही, त्यामुळे हे शब्द तपासायचे कशावर? प्रदूषण त्वचेला लागतं, यात मात्र शंका नको. जर्मनीतल्या ४०० स्त्रियांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रहदारीची काजळी जास्त असलेल्या ठिकाणी कपाळावर आणि गालांवर डागही जास्त आढळले. शिवाय हवेतला ओझोन त्वचेवरच्या नैसर्गिक तेलातल्या स्क्वालिन या घटकाचं ऑक्सिडेशन करतो, म्हणजे ते खराब करतो. माझ्यापुरता उपाय संध्याकाळी घरी आल्याबरोबर सौम्य क्लेन्झरने चेहरा धुणं. सुरुवातीला काजळी निघावी म्हणून मी स्क्रबने घासत होते. त्याने गाल लाल होऊन सनस्क्रीनही झोंबायला लागली. घासू नका.

एवढं झालं तरी सनस्क्रीन सोडणार नाही. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचा म्हातारी होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा २४ टक्के कमी होतं. काटकसर करायचीच तर मी ती दुसरीकडे करते आहे. टेबल खिडकीपासून हलवलं, बाहेर पडताना रुंद काठाची टोपी घालते, पूर्ण बाह्या घालते. जितकी त्वचा झाकली, तितकं क्रीम वाचतं. पातळ थरात वाचवलेलं क्रीम वाचलेलं नसतं.

दोन आठवड्यांनंतरची भर: ८० ग्रॅमची टिंट असलेली साधी ट्यूब घेतली. पंप नाही, शेवटी कात्रीने कापता येते. रोज सकाळी दोन बोटांवर भरपूर पट्टे काढून लावते, दोन भागांत, पहिला थर मुरल्यावर दुसरा. बाहेर असेन तर दोन तासांनी पुन्हा लावायचा प्रयत्न करते, रोज जमतंच असं नाही. तक्रारी आहेत: घाम आला की डोळ्यांत उतरते आणि पांढऱ्या कॉलरला रंग लागतो. आज १६वा दिवस, काट्यावर ३१ ग्रॅम संपलेलं दिसतं. डाव्या गालावर अजून फरक नाही. काही महिने लागतील असं डॉक्टर म्हणाल्या आहेत, ट्यूब संपली की पुन्हा लिहीन.